सेकंद काटा शोभेचा की कामाचा? उत्तर वावरच्या पाड्यावर मिळतं

घड्याळ जितकं सडपातळ, तितकी त्यात सेकंद काटा नसण्याची शक्यता जास्त. टायटनचं अवघ्या ३.५ मिलिमीटर जाडीचं 'एज' २००२ मध्ये आलं, तेही दोनच काट्यांचं. तिसरा काटा म्हणजे थोडी जास्त जाडी आणि दर सेकंदाला तो हलवायला बॅटरीवर ताण. शिवाय दोन काट्यांची तबकडी शांत दिसते. लग्नात मिरवायला उत्तम!

पण याच काट्यावर बाळाचं निदान अवलंबून असतं, अशा जागाही आहेत. जव्हार तालुक्यातलं वावर घ्या. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं होतं. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. कुपोषित बाळाला न्यूमोनिया लवकर गाठतो आणि पाड्यावर एक्स-रे कुठून आणणार? तिथे आशाताई बाळाचे श्वास मोजते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास भरले, तर धोका समजायचा आणि बाळाला दवाखान्यात न्यायचं.

मोजायचं पूर्ण एक मिनिट. तान्ह्या बाळाचा श्वास मध्येच संथ होतो, मध्येच भरभर चालतो. अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलं तर २९ चे ५८ होतात आणि ३० चे ६०. एका श्वासाच्या चुकीने निदान बदलतं.

आता माझा मुद्दा. आशांच्या गृहभेटीच्या किटमध्ये डिजिटल घड्याळ असतं. वेळ बघायला ते झकास, पण श्वास मोजताना त्रासाचं. तोंडात 'अडतीस, एकोणचाळीस' चालू असताना समोर '४१, ४२' पळत असतात. आकड्यांत आकडे मिसळतात. काट्याचं तसं नाही. तो कुठून निघाला एवढं लक्षात ठेवायचं, नजर बाळाच्या पोटावर ठेवायची आणि काटा परत तिथे आला की थांबायचं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी कमी शिकलेल्या दायांसाठी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधन बनवलं होतं. त्यात तर आकडे वाचायची गरजच ठेवली नव्हती.

'मोबाइलमध्ये टायमर आहे की' असं कुणी म्हणेल. आहे, चार्जिंग असेल तर. आणि मोबाइल धरायला एक हात लागतो. मनगट मात्र बाळाच्या पोटाशेजारी नेता येतं, पोट आणि काटा एकाच नजरेत बसतात.

अर्थात कुठलाही काटा चालणार नाही. तबकडीतल्या छोट्या गोलात फिरणारा नाजूक काटा दिसायला देखणा, पण कुडाच्या घरातल्या अंधारात निरुपयोगी. काटा मध्यावरून निघणारा, लाल किंवा केशरी, कडेच्या साठ खुणांपर्यंत पोचणारा हवा आणि तबकडी पांढरी. नर्स वापरतात ती घड्याळं अशीच असतात. आशांच्या पुढच्या किटमध्ये असं एक घड्याळ घालायला फार खर्च येणार नाही.