सुवर्ण-कर्कटकाचा छापखाना

बेल्जम देशातील अँटवर्प शहरी ‘शुक्रवारचा बाजार’ या नावाचा एक चौक आहे. त्या चौकातील एका जुन्या वाड्यात आम्ही मध्यंतरी अर्धा दिवस घालविला. वाडा एका छापखानेवाल्याचा. ख्रिस्तोफ प्लांतँ हे त्याचे नाव, आणि सोनेरी कर्कटक ही त्याच्या घराची निशाणी. कर्कटकाचा एक पाय स्थिर असतो व दुसरा फिरतो. स्थिर पाय म्हणजे चिकाटी आणि फिरता पाय म्हणजे श्रम, असा अर्थ त्याने आपल्या पुस्तकांवर लॅटिनमध्ये छापून ठेविला आहे.

प्लांतँ मूळचा फ्रान्समधील, आणि धंद्याने पुस्तकबांधणी करणारा. एका रात्री माणूस ओळखण्यात चूक होऊन कोणी त्याच्यावर वार केला, हात पूर्वीसारखा चालेना, म्हणून तो बांधणी सोडून छपाईकडे वळला, असे सांगतात. ते वर्ष १५५५. त्याच्या पुढच्याच वर्षी, १५५६ साली, गोव्यास सेंट पॉल विद्यालयात येशूसंघीयांचे छापयंत्र येऊन पोहोचले आणि हिंदुस्थानात मुद्रणाचा आरंभ झाला. हा योग आम्हांस तेथे उभे असताना सारखा आठवत होता.

ज्यासाठी प्लांतँचे नाव राहिले ते पंचभाषी बायबल १५६८ ते १५७२ या काळात छापले गेले. हिब्रू, खाल्दी, सुरियानी, ग्रीक व लॅटिन या भाषा समोरासमोर. असे आठ मोठे खंड, आणि प्रती सुमारे १२००. आमचा थोडा हिरमोड झाला हे कबूल केले पाहिजे, कारण हे बायबल या वाड्यात छापलेले नव्हे. ते जवळच्याच दुसऱ्या गल्लीतील घरात छापले गेले, आणि प्लांतँ येथे राहावयास आला तो १५७६ साली. येथे दिसणारी दोन सर्वांत जुनी छापयंत्रेही १६०० च्या सुमाराची आहेत. परंतु जगात त्यांहून जुने यंत्र शिल्लक नाही म्हणतात. ओकच्या लाकडाचे दांडगे सांगाडे, मध्ये द्राक्षे पिळावयाच्या घाण्यासारखा मळसूत्री दांडा. एका यंत्रावर दोन माणसे. एकाने शाई लावावी, दुसऱ्याने दांडा ओढावा. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबून सुमारे १२५० ताव दोन्ही बाजूंनी छापावयाचे, म्हणजे दिवसाला अडीच हजार वेळा दांडा ओढणे आले. आपल्या शेतकरी वाचकांस त्या खांद्यांची कल्पना सहज येईल.

परंतु आम्ही अधिक वेळ रेंगाळलो ते मुद्रिते तपासण्याच्या खोलीत. खिडकीशी एक जुने ओकचे मेज आहे. किलियानुस नावाचा तपासनीस जवळजवळ पन्नास वर्षे या छापखान्याच्या चाकरीत होता. इतरांच्या चुका सुधारता सुधारता त्याने आपल्या मातृभाषेचा मोठा कोशही रचला.

आणि येथेच आम्हांस मादलेनची आठवण झाली. प्लांतँला अनेक मुली होत्या. लहानपणीच त्यांना वाचावयास शिकवून तो मुद्रिते तपासण्याच्या कामी लावी. चौथी मुलगी मादलेन १५७० साली तेरा वर्षांची होती. बायबलच्या कामावर स्पेनच्या राजाने नेमलेले विद्वान धर्मगुरू आरियास मोंतानो यांच्या बिऱ्हाडी ती ओले ताव घेऊन जाई आणि पाचही भाषांतील मूळ पाठ त्यांना वाचून दाखवी, असे बापाने एका पत्रात लिहिले आहे. अर्थ तिला कळत नसे. अक्षर मात्र चुकत नसे. पवित्र शास्त्राच्या त्या थोर ग्रंथामागे मोठमोठ्या पंडितांची नावे आहेत. या पोरीचे नाव किती जणांस ठाऊक असेल?

प्लांतँ कोणी संत नव्हता. तो पॅरिसला असताना त्याच्या छापखान्यात पाखंडी मताचे पुस्तक छापले गेल्याचे उघडकीस आले आणि १५६२ साली सर्व सामानाचा लिलाव झाला. पुढे राजाविरुद्ध उठलेल्यांचीही कामे त्याने केली. बायबलासाठी राजाने दिलेला पैसा हे दान नव्हते, उचल होती. शिवाय रोमची मान्यता मिळावयास विलंब लागला, ती तेरावे ग्रेगरी गादीवर आल्यावर १५७२ साली मिळाली. तोवर कर्ज डोक्यावर. १५७६ साली पगार थकलेल्या स्पॅनिश शिपायांनी शहर लुटले, तेव्हा नऊ वेळा खंडणी भरून त्याने घर वाचविले. त्याच्या वंशजांनी ते तीनशे वर्षे राखले आणि १८७६ साली नगरपालिकेस विकले.

वरच्या मजल्यावर खिळे ओतण्याची जागा आहे. पोलादी ठशावर उलटे अक्षर कोरावयाचे, ते तांब्यात ठोकून साचा करावयाचा, मग त्यात शिशाचा रस ओतावयाचा. एकेका अक्षरासाठी एवढी यातायात! असे हजारो ठसे व साचे तेथे जपून ठेवले आहेत.

ते पाहून आमचे मन फादर स्टीफन्सकडे गेले. आपल्या लोकांचे पुस्तक आपल्या लोकांच्या लिपीत छापावे ही त्यांची तळमळ होती. परंतु युरोपीय लिपीस चोवीस साचे पुरत, तेथे आपल्या लिपीस शेकडो लागत. ते कधी झाले नाहीत. मराठी ‘ख्रिस्तपुराण’ रायतूरला, म्हणजे राशोलला, १६१६ साली रोमी लिपीतच निघाले. पुढे १६४९ व १६५४ साली पुन्हा निघाले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज हाती लागत नाही. ग्रंथ वाचला तो घरोघरी हातांनी उतरून घेतलेल्या पोथ्यांमुळे. त्यांवरून १९०७ साली तो मंगळूरला पुन्हा छापला गेला, आणि देवनागरी रूपात पुण्यास निघावयास १९५६ साल उजाडले.

आपल्या वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर, आजोबांच्या पेटीत, रोमी किंवा देवनागरी लिपीतील ओव्यांची जीर्ण वही असेल, तर ती रद्दीत घालण्यापूर्वी एकवार आपल्या धर्मगुरूंना दाखवावी. वाळवी लागलेली असली तरी चालेल.