२६५ पीएसची जीटीआय की १८ टक्क्यांची टर्बो? जळगाव-धुळ्याच्या रस्त्यावर कोणती गाडी खरंच मजा देते

२०२५ मध्ये गाडीवेड्या पोरांसाठी दोन बातम्या गाजल्या. मे महिन्यात फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय भारतात आणली, किंमत ५३ लाख, पहिल्या खेपेत १५० गाड्या. ऑक्टोबरमध्ये स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस आली, जवळपास ५० लाखांना, फक्त १०० गाड्या. दोन्ही लाँचच्या आधीच बुक झाल्या. दोन्हींत तेच २ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन, २६५ पीएस ताकद आणि ३७० न्यूटन-मीटर टॉर्क. गोल्फ ५.९ सेकंदांत शंभरी गाठते, ऑक्टाव्हिया ६.४ सेकंदांत. रील्स अजून फिरताहेत.

पण याच दोन बातम्यांच्या मधे, २२ सप्टेंबरला, जीएसटीचे नवे दर लागू झाले. जळगाव, धुळे, चाळीसगाव किंवा भुसावळात बसून गाडी शोधणाऱ्यासाठी खरी मोठी बातमी ही होती.

काय झालं ते बघा. ४ मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी आधी सेससकट २९ टक्क्यांत होती, ती १८ टक्क्यांत आली. त्याहून मोठ्या गाड्यांना सरसकट ४० टक्के. १.५ लिटर पेट्रोल सेडानवर आधी एकूण ४५ टक्के लागायचे, म्हणजे तिथंही कर कमी झाला, पण दोन गटांमधली दरी १६ वरून २२ टक्क्यांवर गेली. कराआधी १० लाखांची गाडी धरली तर एका बाजूला ११ लाख ८० हजार, दुसऱ्या बाजूला १४ लाख. साडेनऊ टक्के व्याजानं ५ वर्षांचं कर्ज काढलं, तर या २ लाख २० हजारांचा हप्ता महिन्याला साधारण ४,६०० रुपये बसतो. वर रोड टॅक्स. महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीला किमतीनुसार ११ ते १३ टक्के लागतो, आणि तो महागड्या गाडीवर अर्थातच जास्त.

आयात गाडीचं गणित तर वेगळंच. परदेशातून पूर्ण बनून येणाऱ्या गाडीवर आधी किमान ७० टक्के आयात शुल्क, मग त्या वाढलेल्या रकमेवर ४० टक्के जीएसटी. १०० रुपयांची गाडी इथंच २३८ ला पडते. एके काळी ऑक्टाव्हिया आपल्या शेजारी, छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जोडली जायची. २०१७ ची आरएस २५ लाखांच्या आत मिळत होती. आज दुप्पट.

आता रस्त्यावर या. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी महामार्गावर कारची कमाल मर्यादा १०० आहे. धुळे ते जळगाव कितीही मोकळा मिळाला तरी २६५ पीएसपैकी बहुतेक ताकद झोपूनच राहणार. खान्देशात गाडीची परीक्षा वेगळ्या ठिकाणी होते: केळीच्या ट्रकमागे अडकलात, समोर थोडीच जागा आहे, आणि ६० वरून ९० ला पटकन जायचंय. किंवा चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताय, गाडीत पाच जण, डिकी भरलेली, एसी फुल्ल. इथं ब्रोशरमधला पीएसचा आकडा कामाचा नाही. कमी आरपीएमला टॉर्क किती मिळतो, ते बघायचं.

आणि इथं मजा आहे. व्हर्टस किंवा स्लाव्हियाचं १.५ लिटर टर्बो १५० पीएस आणि २५० न्यूटन-मीटर देतं. महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओचं १.२ लिटर डायरेक्ट इंजेक्शन टर्बो १३० पीएस आणि २३० देतं. टॉर्कमध्ये फरक फक्त २० चा, पण पहिली गाडी ४० टक्क्यांत, दुसरी १८ टक्क्यांत. ह्युंदाई आय२० एन लाइन (१२० पीएस, १७२ न्यूटन-मीटर) आणि स्कोडा कायलॅक (११५ पीएस, १७८) याही १८ टक्क्यांतच बसतात.

मग व्हर्टस बाद? नाही. वळणावर ती जमिनीला धरून चालते, उंच एसयूव्हीला ते जमत नाही. शिवाय ५२१ लिटरची डिकी. रोज लांबचा प्रवास असेल आणि बजेट ओढाताण न करता बसत असेल, तर मी आजही व्हर्टसच घेईन. पण हप्त्यासाठी घरच्यांकडून पैसे मागावे लागणार असतील, तर आय२० एन लाइन मॅन्युअलमध्ये. गिअर टाकण्याची मजा स्वस्तात मिळते.

उन्हाचा मुद्दा कुठल्याच रिव्ह्यूत नीट येत नाही. ४५ अंशांना हवा २५ अंशांपेक्षा सुमारे ६ टक्के विरळ असते. बिनटर्बो इंजिनाची ताकद साधारण तेवढीच घसरते. टर्बो जास्त दाब देऊन ते भरून काढतो, पण दाबलेली हवा आणखी तापते, मग नॉकिंग टाळायला ईसीयू इग्निशन मागे घेतो आणि पिकअप मंदावतो. म्हणून मेमध्ये भुसावळला दुपारी गाडी ‘जड’ वाटते. ती बिघडलेली नसते. अशा हवेत रीमॅप करून आणखी बूस्ट चढवणं म्हणजे इंजिनाची उरलेली सवलत खाऊन टाकणं, वर वॉरंटी जाते ती वेगळीच.

सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय बघताय? चालवायला झक्कास. पण तिचा ड्राय क्लच ७-स्पीड डीएसजी गिअरबॉक्स तपासल्याशिवाय टोकन देऊ नका. याच गिअरबॉक्सच्या गाड्या फोक्सवॅगनने २०१३ मध्ये जगभरातून परत मागवल्या होत्या. सर्व्हिसचे कागद मागा. वर्कशॉप तुमच्या गावापासून किती किलोमीटर आहे, तेही मोजा. बंद पडलेली गाडी टो करून न्यायचा खर्च मजेतून वजा होतो.

टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळी शोरूमभोवती नको, दुपारी मागा. तीन मित्र बसवा, एसी लावा. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरला ४० वर या आणि ॲक्सिलरेटर दाबा. गाडी लगेच उचलते, की एक क्षण विचार करते, ते तिथंच कळेल. मग चौथ्या गिअरला ६० वरून ९० करून बघा.