मुकी शर्यत आणि ‘तुझे किती झाले?’



आज आधी एक कबुली. मी रोज सकाळी कामाला जाताना शर्यत लावते. वय ४६, पायात चप्पल, कॅरियरला डबा, आणि सांगली-मिरज रस्त्यावर सायकलची शर्यत! घरात बरेच दिवस कुणाला पत्ता नव्हता.

दोन वर्षांपूर्वी लेक कॉलेजला जायला लागली आणि स्कूटी तिच्याकडे गेली. तिची जुनी सायकल जिन्याखाली धूळ खात होती. ती दुरुस्त करून घेतली. गावभागातून विश्रामबागपर्यंत साधारण चार किलोमीटर. सांगली सपाट, चढ असा नाहीच. सकाळी देवदर्शन झालं, स्वयंपाक आटोपला, डबे भरले की साडेनऊला निघायचं.

राममंदिर चौकाच्या आसपास ‘ती’ भेटते. काळी सायकल, तोंडाला बांधलेली आकाशी ओढणी, हँडलला कापडी पिशवी. दिसतात ते फक्त डोळे. पहिल्यांदा ती माझ्या बाजूने पुढे गेली तेव्हा मी काही ठरवलं नव्हतं. पाय आपोआप जोरात पडायला लागले, एवढंच. पुष्पराज चौकात मी पुढे, मग मार्केट यार्डाच्या अलीकडे ती पुढे. विश्रामबागला मी वळले, ती सरळ मिरजेकडे गेली. ना हसणं, ना बोलणं. दुसऱ्या दिवशी परत तेच.

हळूहळू या शर्यतीचे नियम आपोआप तयार झाले. कधी कुणी कुणाला सांगितले नाहीत, पण दोघींनी पाळले. शर्यत आहे असं दाखवायचं नाही. पुढे गेल्यावर वळून बघायचं नाही. सिग्नल तोडायचा नाही. तिथे दोघी शेजारी उभ्या राहणार आणि समोर बघणार, जणू एकमेकींना ओळखतच नाही. एकीच्या मागे सायकल ठेवली की पुढची वारा कापते आणि मागचीला कमी दमायला होतं, पण तसं फार वेळ चिकटून राहायचं नाही. थोडं झालं की पुढे होऊन आपणही वारा झेलायचा. आणि एखादीच्या कॅरियरला मोठं ओझं असेल तर त्या दिवशी शर्यत नाही.

माझं काम हिशोबाचं, त्यामुळे एकदा याचाही हिशोब मांडला. ताशी १५ किलोमीटरने चार किलोमीटरला १६ मिनिटं लागतात. ताशी १८ ने गेलं तर तेरा मिनिटं वीस सेकंद. म्हणजे एवढा घाम गाळून वाचतात दोन मिनिटं चाळीस सेकंद, आणि तीही एक लाल सिग्नल खाऊन टाकतो. मिळकत शून्य. तरी ऑफिसात पोचल्यावर जो उत्साह असतो, तो दिवसभर पुरतो.

चैत्रात स्वाध्यायाच्या वर्गात आठ मदांचा विषय निघाला. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात ते सांगितले आहेत: ज्ञान, पूजा, कुल, जाती, बल, ऋद्धी, तप आणि शरीर. या आठांचा गर्व. मी भाबडेपणाने सायकलची गोष्ट सांगून टाकली. सगळ्या हसल्या. पण आमच्या वर्गातल्या एक ज्येष्ठ काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, “अगं, हा बलमद झाला. आणि कामाला जाणं हा तुझा उद्योग, ते ठीक. पण त्यावर जो जास्तीचा वेग घेतेस तो कशासाठी? तो अनर्थदंडच की.”

उत्तर सुचलं नाही. अनर्थदंड म्हणजे कारणाशिवाय केलेली हिंसा किंवा हिंसेला वाव देणारी गोष्ट. त्यापासून दूर राहणं हे आपल्या तीन गुणव्रतांपैकी एक. काकूंचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. मी घरी आले आणि आठ दिवस सावकाश सायकल चालवली. ती पुढे निघून जायची. नवव्या दिवशी मात्र मनात दुसराच विचार आला, आणि तोच आज सांगायचा आहे.

मला आठवलं गेल्या वर्षीचं दशलक्षण पर्व.

भाद्रपद शुद्ध पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंतचे ते दहा दिवस आपल्या घराघरात कसे असतात ते तुम्हाला सांगायला नको. कुणाचे दहा उपवास, कुणाचे पाच, कुणाची एकभुक्तं. आणि मंदिराच्या पायऱ्यांवर चपला काढता काढता सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न: “तुझे किती झाले?” मीही विचारते. मागच्या वर्षी जरा जास्तच विचारत होते, कारण माझे पाच सलग झाले होते आणि ते कुणीतरी विचारावं असं मला वाटत होतं. दुसऱ्याला विचारलं की तो आपल्याला विचारतोच!

माझ्या धाकट्या जावेला मधुमेह आहे. तिने एकभुक्तं करायचं ठरवलं होतं, डॉक्टरांना विचारूनच. सहाव्या दिवशी सगळ्यांसमोर मी तिला म्हणाले, “एकभुक्तंच काय? एक तरी उपवास कर की.” चेष्टेनेच म्हणाले. ती हसली. दुसऱ्या दिवशी तिने कुणाला न सांगता निर्जल उपवास धरला. दुपारी विधान चालू असताना ती मंदिरातच खाली बसली आणि मग आडवी झाली. अंग घामाने भिजलेलं, हात थरथरत होते. साखर एकदम खाली गेली होती. वेळेत उपचार मिळाले म्हणून ठीक झालं. क्षमावाणीच्या दिवशी मी तिच्यासमोर हात जोडले तेव्हा ती म्हणाली, “ताई, तुमचा काय दोष? मलाच वाटलं, सगळ्यांत मी मागे.”

सगळ्यांत मी मागे. हे वाक्य वर्षभर माझ्या मनातून गेलेलं नाही.

आता सांगा, बलमद कुठला आणि तपमद कुठला? सायकलवर मी रोज शर्यत लावते आणि त्यात आजपर्यंत कुणी आडवं झालेलं नाही. मंदिराच्या पायरीवर मी शर्यत लावतच नव्हते, नुसतं ‘विचारत’ होते, आणि घरातलं माणूस पडलं. जी शर्यत मी उघड शर्यत मानते ती निरुपद्रवी ठरली. जिला आपण धर्म म्हणतो, तिच्यात मी जावेला ढकललं.

शर्यतीचं आपल्याला वावडं आहे असंही नाही. भरत-बाहुबलींची कथा आठवा. दोन्हीकडची सैन्यं समोरासमोर उभी. तेव्हा मंत्र्यांनी सुचवलं की हजारो जीव कशाला घालवायचे, दोघा भावांनीच बळ आजमावावं. मग दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध झालं. तिन्हींत बाहुबली जिंकले. ही शर्यतच होती, पण हिंसा टाळण्यासाठी लावलेली. बिघडलं ते नंतर. हरलेल्या भरताला हार सोसली नाही आणि त्यांनी भावावर चक्र सोडलं. आणि जिंकलेल्या बाहुबलींना त्या जिंकण्यातच वैराग्य आलं. आपल्या परंपरेत सांगतात, ते वर्षभर ध्यानात उभे राहिले तरी माझ्यामुळे भावाला क्लेश झाला ही सल मनात राहिली होती. श्वेतांबर भगिनी हीच कथा वेगळी सांगतात: ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणींनी येऊन त्यांना अभिमानाच्या हत्तीवरून खाली उतरायला सांगितलं. कुंभोज बाहुबलीला त्या २८ फुटी मूर्तीसमोर आपण सगळ्याच कधी ना कधी उभ्या राहिलो आहोत. पायांवर चढलेल्या वेली बघताना मला आता हे जाणवतं की शर्यत संपल्यावर मनात काय उरतं, तिथे खरी परीक्षा असते.

सायकलच्या शर्यतीत माझ्या मनात काही उरत नाही. का उरत नाही याचा विचार केला तर तीन कारणं सापडली.

पहिलं, तिची कुठे नोंद नाही. भाच्याने हौसेने मोबाईलवर अ‍ॅप टाकून देतो म्हणून सांगितलं. रोजचा वेग, कोण पहिलं, सगळं त्यात दिसतं म्हणे. मी नको म्हटलं. आकडा लिहिला की तो दाखवावासा वाटतो, आणि दाखवला की मद आलाच.

दुसरं, तिला बघणारं कुणी नाही. ना टाळ्या, ना सत्कार, ना माईकवरून नाव. मी हरले तर फक्त तिला माहीत, ती हरली तर फक्त मला.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. कुणीही कधीही बाहेर पडू शकतं. पाय दुखत असतील तर सावकाश जावं. ‘का गं, आज मागे?’ असं विचारणारं कुणी नाही.

आपल्या उपवासांच्या गणतीत या तिन्ही गोष्टी उलट्या आहेत. नोंद आहे, बघणारे आहेत, आणि बाहेर पडायची वाट नाही. तपस्वी भगिनींचा आदर करू नये असं मी म्हणत नाही. दहा उपवास करणाऱ्या बाईसमोर माझा माथा आपोआप झुकतो, आणि तिची अनुमोदना करणं हेही पुण्यच. पण अनुमोदना करणं आणि मोजदाद करणं या दोन गोष्टी आहेत. शक्तीप्रमाणे तप करावं असं आपल्याला सांगितलं आहे. शक्ती प्रत्येकीची वेगळी, आणि ती जिची तिलाच माहीत असते. पायरीवर उभ्या राहिलेल्या जावेला ती दिसत नाही.

काकूंच्या अनर्थदंडाचं उत्तर मात्र अजून राहिलंच होतं. ते आषाढात मिळालं, आणि काकू बरोबर होत्या.

रात्रभर पाऊस पडून गेला होता. मी जोरात होते, ती दोन हात मागे. मार्केट यार्डाजवळ रस्त्यावर काहीतरी वळवळताना दिसलं, आणि दिसेपर्यंत चाक त्यावरून गेलं होतं. गांडूळ. पुढे बघते तर रस्त्याच्या कडेने किती तरी गांडुळं बाहेर आलेली. मागे किती चिरडली असतील कोण जाणे. द्वींद्रिय जीव, पळताही येत नाही बिचाऱ्यांना.

त्या दिवशी ऑफिसात परत हिशोब केला. मुनिमहाराज ईर्यासमिती पाळताना चार हात जमीन बघून चालतात. चार हात म्हणजे सहा फूट. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला पाच मीटर. ती सहा फूट जमीन माझ्या चाकाखालून एका सेकंदाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शात निघून जाते. तेवढ्यात काय बघणार आणि काय वाचवणार? आपण गृहस्थ, मुनींची समिती आपल्याला पूर्ण जमणार नाही, आणि कामाला तर जायलाच हवं. पण जास्तीचे तीन किलोमीटर पोटासाठी नव्हते, मौजेसाठी होते. कोरड्या रस्त्यावर ती मौज मी स्वतःला माफ करते. पावसाळ्यात नाही. म्हणून नियम घेतला: चातुर्मासात शर्यत बंद.

दुसऱ्या दिवसापासून मी खाली बघत सावकाश जायला लागले. ती पुढे गेली, थोडी थांबल्यासारखी झाली, परत पुढे गेली. तिसऱ्या दिवशी सिग्नलला शेजारी उभी राहिली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा बोलली. “काकू, बरं नाही काय?”

म्हटलं, “बरी आहे गं. पावसाचं किडं-गांडुळं असतात रस्त्यावर. चार महिने सावकाशच जाणार.”

तिने खाली रस्त्याकडे बघितलं. मग डोळ्यांनीच हसली आणि म्हणाली, “होय की. मग बघू दिवाळीनंतर.”

सिग्नल सुटला. ती तिच्या वेगाने गेली, मी माझ्या. मला मागे पडल्यासारखं जरासुद्धा वाटलं नाही. माझ्या नियमाला तिने नाव ठेवलं नाही, मला चिडवलं नाही, ‘थोडं तरी’ असा आग्रह केला नाही. माझ्या जावेशी मी असंच वागायला हवं होतं, आणि ते मला एका अनोळखी बाईने सिग्नलला उभ्या उभ्या शिकवलं.

दशलक्षण आता जवळ आलं आहे. दुसरा दिवस उत्तम मार्दवाचा असतो, नम्रतेचा. यंदा मी एवढंच ठरवलं आहे की दहा दिवसांत कुणालाही ‘तुझे किती झाले?’ विचारायचं नाही, आणि मला कुणी विचारलं तर हसून ‘चाललंय’ म्हणायचं. जाऊबाईंची एकभुक्तं असतील तर त्यांचं ताट मी स्वतः वाढणार आहे, सगळ्यांच्या आधी.

तुम्हीही करून बघा. उपवास जितके करायचे तितके करा, पण दुसरीचे मोजू नका. बाकी शर्यतीची हौस असेलच तर दिवाळीनंतर सायकल काढा, रस्ता मोकळा आहे.

जय जिनेंद्र.