राखणदाराचीही राखण हवी

वीज गेल्यावर काय करावयाचे, या प्रश्नाचे उत्तर गावोगावच्या दवाखान्यांनी आणि कचेऱ्यांनी इन्व्हर्टर बसवून देऊन टाकले आहे. परंतु वीज परत येताना काय घेऊन येते, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. मुख्य पुरवठा चालू असताना नेहमीचा इन्व्हर्टर तीच वीज पुढे जाऊ देतो व तिच्यावरच बॅटरी चार्ज करतो. त्यामुळे दाबाची पहिली थप्पड त्यालाच बसते. संकटकाळासाठी ठेवलेला राखणदारच अशा रीतीने आधी गारद होतो आणि हे कळते ते नेमके प्रसूतिगृहातील दिवे मालवल्यावर!

हे संकट दोन प्रकारचे आहे. आकाशात वीज कडाडली की तारांतून हजारो व्होल्टची उसळी धावते. ती क्षणाच्या सूक्ष्म अंशातच आपले काम उरकते. दुसरे संकट माणसाच्या हेळसांडीचे. रोहित्राकडील न्यूट्रल तार तुटली वा सैल झाली, की २३० व्होल्टच्या जागी ४०० व्होल्टच्या घरातील दाब येऊ शकतो आणि तो टिकून राहतो. पहिल्यावर उपाय सर्ज अरेस्टरचा. दुसऱ्यावर जादा दाब येताच पुरवठा तोडणाऱ्या स्वयंचलित कट-आउटचा. एकाचे काम दुसऱ्याकडून होत नाही. शिवाय अरेस्टर उसळी जमिनीत सोडतो. जमिनीशी जोडणीच धड नसेल तर तो केवळ शोभेचा. तो तडाखे खाऊन झिजतोही, म्हणून वेळोवेळी तपासून बदलावा लागतो.

अर्थिंग कसे असावे, हे सांगणारे आयएस ३०४३ हे भारतीय मानक उपलब्ध आहे. तेव्हा उणीव ज्ञानाची नाही, जबाबदारीची आहे. इन्व्हर्टरची खरेदी मंजूर होते, फीतही कापली जाते. पण मीठ-कोळशाच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी कोणी घालावयाचे, हे कोणत्याच कागदावर नसते. यास्तव सार्वजनिक संस्थांच्या खरेदीत अरेस्टर, कट-आउट व अर्थिंगची चाचणी यांचा खर्च इन्व्हर्टरच्या किमतीतच धरला पाहिजे. वीज कंपन्यांनीही पावसाळ्यापूर्वी न्यूट्रलचे सांधे तपासणे, हे आपले कर्तव्य मानावे. हा खर्च जड वाटणाऱ्यांनी जळालेल्या यंत्राचा आणि त्यावर विसंबलेल्या रुग्णाचा हिशेब आधी मांडावा.