सीमोल्लंघन आणि दारफाळणी

दसऱ्याला सीमोल्लंघन करावे, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. वेशीपर्यंत जायचे, आपट्याची पाने लुटायची आणि घरी परतायचे. २०२२ साली मात्र खऱ्याखुऱ्या सीमेपलीकडे जाण्याचा योग आला आणि मला भलताच उत्साह चढला.

मामा नोकरीनिमित्त जॉर्डनमध्ये, अम्मानला. मी त्याच्याकडे गेलो होतो. शेजारच्या इस्रायलात, दिमोना गावी, आमच्या अलिबागच्या शेजारी राहिलेल्या बेने इस्रायली आजी. व्हिसा इथूनच काढून नेला होता. बेत असा : अम्मानहून अकाबा, तिथून वादी अरबाच्या नाक्यावरून पलीकडे एलात आणि पुढे वाळवंटातून बसने दिमोना. मुक्काम तीन-चार दिवस. मुहूर्त विजयादशमीचा, ५ ऑक्टोबर.

मामाने कॅलेंडर पाहिले आणि तो हसायलाच लागला. त्याच दिवशी योम किप्पुर! यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा, कडक उपासाचा दिवस. आदल्या दुपारपासून बसगाड्या थांबतात. दुकाने बंद, विमानतळ बंद आणि सीमेवरचा नाकाही बंद. मी चिडलो. एका धर्माच्या उपासापायी अख्ख्या देशाची सीमा बंद ठेवायची, हा कुठला न्याय? त्याच तिरीमिरीत आजींना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "अरे बाळा, त्या दिवशी दारफाळणी आहे ना! तू शिळ्या सणाला ये."

कोकणातल्या बेने इस्रायलांनी योम किप्पुरला दिलेले हे मराठी नाव. दारफाळणीचा सण, म्हणजे दारे लावून घेण्याचा दिवस. दुसऱ्या दिवशी शिळा सण. तो दानधर्माचा आणि एकमेकांकडे जाण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ज्यांना गाव 'शनवार तेली' म्हणत असे, त्यांचे हे शब्द. ज्या दिवसाला मी अडथळा समजत होतो, त्याचा अर्थ माझ्याच भाषेत केव्हाचा सांगून ठेवला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता!

मग बेत नव्याने आखला. गुरुवारी, ६ तारखेला, सीमा ओलांडायची. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ लागतो आणि बसगाड्या पुन्हा थांबतात. त्याआधी दिमोना गाठायचे. शनिवारी आजींच्या घरी स्वस्थ बसायचे. रविवारी, ९ तारखेला, संध्याकाळी सुक्कोथ सुरू होण्यापूर्वी परत.

मित्रांनो, माझे म्हणणे एवढेच की, पाहुण्याने आधी यजमानाचे पंचांग पाहावे, मग आपले वेळापत्रक. गणेश चतुर्थीला कोकणात उतरलेल्या परक्या माणसाने "आज दुकान बंद का?" म्हणून आदळआपट केली, तर आपण त्याला काय म्हणू?

पण एक गोष्ट सांगितली नाही तर लबाडी होईल. त्याच सणासाठी वेस्ट बँकेतून इस्रायलात येण्याचे नाकेही बंद केले होते. माझा फक्त मुहूर्त चुकला. रोज त्या नाक्यावरून कामाला जाणाऱ्या पॅलेस्टिनी मजुराची रोजी बुडाली. स्वतःच्या उपासासाठी स्वतःचे दार लावणे वेगळे आणि दुसऱ्याची वाट अडवणे वेगळे. पहिल्याचा मान राखावा. दुसऱ्याबद्दल प्रश्न विचारावा. दोन्ही एकाच वेळी करता येते, असे मला वाटते.

सहा तारखेला रात्री आजींनी दार उघडले. "आलास? दमला असशील," त्या म्हणाल्या. माझे सीमोल्लंघन एक दिवस उशिरा झाले. पण योग्य दिवशी झाले.