स्पर्धकांची एकी आणि गिऱ्हाइकाचें हित

एकाच पेठेंत समोरासमोर दुकानें मांडणाऱ्या व्यापाऱ्यांनीं परस्परांचें तोंड पाहूं नये, असा समज आमच्या व्यापारी वर्गांत खोल रुजलेला आहे. तो किती घातक आहे, हें सिमेंटच्या धंद्याच्या इतिहासावरून स्पष्ट दिसतें.

सन १९१४ मध्यें पोरबंदर येथें सिमेंट निघूं लागलें. पहिल्या महायुद्धांत परदेशी माल दुर्मिळ होऊन भाव चढले. तें पाहून पुढें जो तो कारखाना काढूं लागला. परिणाम काय झाला? खपापेक्षां माल अधिक झाला. एकानें भाव उतरवावा, तर दुसऱ्यानें त्याहून खालीं जावें! कारखानदारांनीं संरक्षणासाठीं टॅरिफ बोर्डाकडे धांव घेतली. परंतु भाव पडण्यास मुख्यतः आपसांतील चढाओढच कारण आहे, असें बोर्डास आढळलें. तेव्हां त्यांचे डोळे उघडले. प्रथम उत्पादकांचा संघ झाला. १९२७ त काँक्रीटचा उपयोग लोकांस शिकविणारी संस्था निघाली. १९३० त विक्रीची सामाईक कंपनी झाली आणि १९३६ त दहा कंपन्या एकत्र होऊन असोसिएटेड सिमेंट कंपनीज जन्मास आली. या एकीसाठीं झटलेले एफ. ई. दिनशॉ मात्र त्याच वर्षीं, ती पुरी होण्यापूर्वींच, निवर्तले.

परंतु या उदाहरणांतील सर्वच कांहीं अनुकरणीय आहे, असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. १९२७ च्या संस्थेनें गिऱ्हाइकास शहाणें केलें व सर्वांचाच खप वाढविला. १९३० च्या कंपनीनें विक्रीचे वांटे व भाव बांधून दिले. पहिलें सहकार्य, दुसरी मक्तेदारीची वाट. ती वाट कोठें जाते? २०१२ सालीं कॉम्पिटिशन कमिशननें अनेक सिमेंट कंपन्यांस संगनमताबद्दल ६,००० कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला व प्रकरण अपिलांत गेलें, हें वाचक जाणतातच.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच आहे: व्यापाऱ्यांनीं गोदामें, मालाची नेआण, भेसळीचा बंदोबस्त व कारागिरांचें शिक्षण यांसाठीं अवश्य एकत्र यावें, भाव मात्र ज्याचा त्यानें ठरवावा. दोन प्रतिस्पर्ध्यांनीं केलेला ठराव गिऱ्हाइकासमोर मोठ्यानें वाचून दाखविण्याची लाज वाटत नसेल, तर तें सहकार्य समजावें. वाटत असेल, तर तो गिऱ्हाइकाविरुद्ध केलेला कटच होय!