‘वन बाय टू’चे शहाणपण

वजन वाढले की आपल्याकडे दोष दिला जातो तो जिभेला. ‘तोंडावर ताबा नाही’ हा निवाडा घरातील ज्येष्ठ देतात, आप्तेष्ट थट्टेने देतात आणि बहुतेक वेळा आरशासमोर उभा राहिलेला माणूस स्वतःच स्वतःला देतो. निवाड्यापाठोपाठ शिक्षाही ठरलेली असते : भात बंद, गोड बंद, रात्रीचे जेवण बंद. पंधरवडाभर ही शिक्षा निष्ठेने भोगली जाते. वजनाचा काटा दोन-तीन किलोंनी खाली येतो. मग एखाद्या लग्नकार्याचे किंवा कामाच्या ताणाचे निमित्त होते आणि सारे पूर्ववत होते. किंबहुना पूर्वीपेक्षा थोडे अधिकच. पुन्हा तोच निवाडा, पुन्हा तीच शिक्षा. या चक्रात दोष माणसाचा नसून मुळात निवाडाच चुकीचा असावा, असा विचार मात्र क्वचितच केला जातो.

बंगळुरूसारख्या शहरात हा विचार अगत्याचा झाला आहे. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव येथून नोकरीनिमित्त आलेली असंख्य मराठी माणसे येथे स्थिरावली आहेत. कोरमंगला किंवा व्हाइटफिल्डच्या भाड्याच्या घरात राहणारा तरुण अमेरिकेतील सहकाऱ्यांच्या वेळेशी जुळवून घेत रात्री उशिरापर्यंत संगणकासमोर बसतो. गावाहून आईचा फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला : ‘जेवलास का?’ तो ‘हो’ म्हणतो आणि ते खरेही असते. तरीही अकरा वाजता हात पुन्हा मोबाइलकडे जातो आणि बिर्याणी मागवली जाते. पोट भरलेले असताना ही बिर्याणी नेमकी कोणाच्या भुकेसाठी मागवली गेली, हा खरा प्रश्न आहे.

पोटाची भूक आणि मनाची भूक

पोट भरले की माणूस आपोआप थांबतो, असे समजले जाते. मानसशास्त्र तसे सांगत नाही. पॉल रोझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९९८ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले. स्मृती गमावलेल्या दोन रुग्णांसमोर, त्यांचे जेवण झाल्यानंतर काही मिनिटांतच पुन्हा ताट ठेवण्यात आले. आपण जेवलो आहोत हे त्यांना आठवत नव्हते. त्यांनी ते दुसरे जेवणही घेतले आणि बहुतेक वेळा तिसऱ्या ताटालाही हात घातला. याचा अर्थ स्पष्ट आहे. ‘झाले जेवण’ हा निर्णय एकटे पोट देत नाही. किती वाजले, ताटात किती होते, शेवटचा घास केव्हा घेतला, यांच्या आठवणीवरून तो मनात होतो. दूरदर्शन संचासमोर किंवा संगणकासमोर घेतलेल्या जेवणाची आठवण पुसट राहते आणि मन पुन्हा मागणी करते.

झोपेचाही येथे मोठा वाटा आहे. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये बारा निरोगी तरुणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. दोन रात्री अवघे चार तास झोपू दिल्यावर, पुरेशी झोप मिळालेल्या स्थितीच्या तुलनेत त्यांच्या शरीरातील भूक वाढवणारे ग्रेलिन हे संप्रेरक २८ टक्क्यांनी वाढलेले आणि तृप्तीची जाणीव देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलेले आढळले. रात्रपाळी करणारा माणूस सकाळी वड्यासांबाराकडे ओढला जातो, तेव्हा त्याची ‘इच्छाशक्ती’ शोधण्यापूर्वी त्याची झोप मोजणे अधिक न्याय्य ठरेल.

याशिवाय कंटाळा, एकटेपणा, वरिष्ठांचा रोष, परीक्षेची धास्ती या साऱ्यांवर लहानपणापासून एकच औषध दिले गेलेले असते. रडणाऱ्या मुलाच्या हातावर बिस्किट ठेवले जाते, पहिला क्रमांक आला की पेढे वाटले जातात. दुःखाचा उतारा आणि आनंदाचा दाखला, दोन्ही खाण्याशीच जोडलेले! मोठेपणी मन अस्वस्थ झाले की हात डब्याकडे जातो, यात नवल ते काय?

मनाईतून वाढणारी ओढ

अशा मनावर ‘डाएट’चा, म्हणजे कडक मनाईचा, काय परिणाम होतो? याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिळाले. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. हे स्वयंसेवक स्वेच्छेने आले होते आणि निग्रहाचे पक्के होते. तरीही अन्नावाचून त्यांना दुसरे काही सुचेनासे झाले. कोणी पाककृतींची पुस्तके वाचू लागला, कोणी ताटल्या चाटू लागला. निर्बंध उठल्यानंतर त्यांतील काहींचे पोट भरले तरी मन भरेना. येथे दोष चारित्र्याचा नव्हता. उपासमारीपासून जीव वाचवण्याची शरीराची प्राचीन व्यवस्था आपले काम करीत होती.

दुसरा प्रयोग १९७५ चा, पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांचा. काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक देऊन मग आइस्क्रीम हवे तेवढे खाण्याची मुभा देण्यात आली. एरवी खाण्यावर निर्बंध न ठेवणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. काटेकोर पथ्य पाळणाऱ्यांनी मात्र ते अधिक खाल्ले. एकदा नियम मोडलाच आहे, तर आता काय उरले, अशी ही मनोवृत्ती. घरखर्चाचे अंदाजपत्रक एखाद्या खरेदीने कोलमडले की ‘हा महिना गेलाच’ म्हणून आणखी चार खरेद्या करणारा गृहस्थ याच वृत्तीचा बळी असतो. नियम जितका कठोर, तितका तो मोडल्यानंतरचा खर्च मोठा.

आग्रहाची परंपरा

मराठी घरांत यात आणखी एका गोष्टीची भर पडते, ती म्हणजे आग्रह. ‘एवढी एक पोळी घ्याच’ हे वाक्य येथे प्रेमाची भाषा आहे, आणि पानात काही टाकू नये हा संस्कार आहे. या संस्काराची निंदा करणे अन्यायाचे होईल. १९७२ च्या दुष्काळात मिलो आणि सुकडीवर दिवस काढलेल्या पिढीने प्रत्येक कणाचे मोल जाणले, ते अनुभवाने. मात्र टंचाईत घडलेली सवय विपुलतेत जशीच्या तशी चालत नाही. पानात टाकू नये, हे आजही खरेच आहे. म्हणूनच पानात मुळात बेताने वाढून घेतले पाहिजे.

विपुलतेचे रूप बंगळुरूने फार जवळून पाहिले. जयनगरात १९८३ मध्ये ‘कॅफे दर्शिनी’ सुरू झाली आणि पाठोपाठ उभ्याने खाण्याच्या ‘दर्शिनीं’ची प्रथा शहरभर पसरली. तेथे आधी पैसे भरायचे, कुपन घ्यायचे, मग इडली-वडा हाती येणार. किती खायचे हे पहिल्या घासापूर्वीच ठरते आणि ताटली रिकामी झाली की खाणे संपते. २०१४ मध्ये याच शहरात ‘स्विगी’चा जन्म झाला आणि खाण्याला शेवटच उरला नाही. भूक लागण्याआधी चित्र समोर येते. घरपोच सेवा मोफत मिळावी म्हणून मागणीत एक पदार्थ वाढवला जातो. तीस रुपये वाचवण्यासाठी शंभर रुपये खर्चायचे आणि वर नको असलेले अन्न पोटात घालायचे, हा व्यवहार कोणत्याही हिशोबात बसणारा नाही.

अर्ध्याचा आनंद

याच बंगळुरूत मात्र एक जुनी रीत आहे, ‘वन बाय टू’. दोघे मित्र उपाहारगृहात येतात, एक कॉफी दोघांत सांगतात आणि अर्धा-अर्धा पेला समाधानाने पितात. सूपही असेच वाटून घेतले जाते. वाढप्याला त्यात काही वावगे वाटत नाही आणि मागणाऱ्याला संकोच नसतो. या साध्या रीतीत आहारविषयक मानसशास्त्राचे सार आले आहे. पहिले, कोणताही पदार्थ वर्ज्य नाही, त्यामुळे मनाईतून येणारी ओढ नाही. दुसरे, प्रमाण खाण्यापूर्वीच ठरते, ऐन मोहाच्या क्षणी नव्हे. तिसरे, ते सोबतीने आणि गप्पांत, म्हणून सावकाश घडते.

‘डाएट’शिवाय वजन उतरवण्याची वाट ही अशी आहे. ताट थोडे लहान घ्यावे. दुसऱ्यांदा वाढून घेण्यापूर्वी दहा मिनिटे थांबावे, कारण तृप्तीची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. जेवताना पडदा बंद असावा. फरसाणाचा डबा हाताशी नको. तो वरच्या फळीवर गेला तरी निम्मे काम होते. अवेळी खावेसे वाटले, तर ‘भूक लागली आहे की मन अस्वस्थ आहे?’ हा एक प्रश्न स्वतःला विचारावा. एखाद्या दिवशी अधिक खाल्ले गेले, तर दुसऱ्या दिवशी उपास करून प्रायश्चित्त घेण्याऐवजी नेहमीचे जेवण घ्यावे. शक्यतो घरी शिजवलेले खावे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये वीस जणांवरील प्रयोगातून दाखवले, की कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले पदार्थ समोर असताना माणूस दिवसाला सुमारे ५०० कॅलरी अधिक खातो, आणि त्याच्या ते लक्षातही येत नाही.

हे सारे नवे नाही. पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाने भरावेत, एक द्रवाने भरावा आणि एक रिकामा ठेवावा, असे वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त सांगून ठेवले आहे. जेवणापूर्वी श्लोक म्हणण्याची प्रथाही श्रद्धेइतकीच उपयुक्त होती. ती घासापूर्वी मनाला क्षणभर थांबवत असे.

महाराष्ट्रात २०१८ च्या सुमारास या विषयाने घराघरांत वाद रंगवले. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांचा धागा पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच, भूक लागेल तेव्हा जेवावे, असे सांगत होते. ऋजुता दिवेकर थोडे थोडे पण वेळेवर खाण्याचा पुरस्कार करीत होत्या. ‘दीक्षित की दिवेकर’ या प्रश्नावर कुटुंबे दुभंगली! दोन्ही पक्षांत एक समान गोष्ट होती, ती मात्र वादात हरवली. केव्हा खायचे हे आधी ठरवा, समोर आले म्हणून खाऊ नका, हे दोघांच्या म्हणण्यात होतेच. कोणाला कोणती पद्धत मानवेल हे प्रकृतीनुसार ठरावे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बदलूच नयेत.

प्रश्न सौंदर्याचा नाही

हा विषय केवळ कपड्यांच्या मापाचा असता, तर त्यावर एवढी चर्चा नको होती. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांची तुलना २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन सारखेच, म्हणजे बीएमआय २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय माणूस दिसायला सडपातळ असूनही आत चरबी बाळगून असू शकतो. म्हणून आपल्याकडे पुरुषांनी कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत राखावा, असे तज्ज्ञ सांगतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहींची संख्या १०.१ कोटी आहे. त्यांतील अनेक जण घरातील कमावते आहेत.

मनाला समजून घेण्याची ही भाषा म्हणजे आळशीपणाला परवाना, असा आक्षेप घेतला जाईल. तो टिकणारा नाही. २०२५ मध्ये वजन घटवण्यासाठीची टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने भारतात उपलब्ध झाली. ती घेणाऱ्या अनेकांच्या मनातील खाण्याचे सततचे विचार शांत होतात. औषधाने शांत होणाऱ्या गोष्टीला चारित्र्याचा दोष म्हणता येत नाही. अर्थात ही औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची असतात. चोरून, भराभर, अपराधी भावनेने खाल्ले जात असेल, आणि ते थांबवता येत नसेल, तर तो उपचाराचा विषय आहे. बंगळुरूची ‘निम्हान्स’ ही संस्था जिची शिखर संस्था आहे, त्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक अशा वेळी विनासंकोच फिरवावा.

जबाबदारी माणसाचीच आहे. फक्त ती मोहाच्या क्षणी लढण्याची नसून मोहाचा क्षण येण्यापूर्वी व्यवस्था लावण्याची आहे. बचतीचेही तसेच असते. महिनाअखेरीस उरेल ते वाचवू म्हणणाऱ्याकडे काही उरत नाही. पगाराच्या दिवशीच आवर्ती ठेवीत रक्कम वळती करणारा, फारसा निग्रह न करताही, काही वर्षांत निश्चिंत होतो. तो दुसऱ्यापेक्षा अधिक सद्‌गुणी असतोच असे नाही. त्याने निर्णय योग्य वेळी घेतलेला असतो, इतकेच. ज्या घरात वजनाची थट्टा थांबेल, ताटात बेताने वाढले जाईल आणि नको म्हणणाऱ्याचा मान राखला जाईल, त्या घरातील माणसांना वेगळ्या ‘डाएट’ची गरज सहसा पडणार नाही.